काळ वाहत नाही, असं मी बेसण्यात सांगितलं

सुरतेत आता मराठी माणूस गेला तरी त्याचं बेसणं ठेवतात. ही मूळची गुजराती रीत. पेपरात गेलेल्याचा फोटो आणि वेळ छापून येते, लोक पांढरे कपडे घालून येतात, हार घातलेल्या फोटोला हात जोडतात, सतरंजीवर पाच-दहा मिनिटं गप्प बसतात आणि उठून जातात. कोणी काही बोलत नाही. मला ही रीत फार सभ्य वाटते. दुःखाला इतका नेमका वेळ नेमून देणारा समाज व्यापारात पुढे जाणारच.

आमच्या लोकांनी ती उचलली, पण त्यांना ती पेलली नाही. आमच्याकडे चार माणसं एका सतरंजीवर गप्प बसलेली दिसली की कोणालातरी अध्यक्ष नेमावासा वाटतो. मग माइक येतो. माइक आला की प्रास्ताविक येतं, आणि प्रास्ताविक झालं की 'दोन शब्द' बोलणाऱ्यांची रांग लागते. शेजारचे गुजराती लोक हात जोडून उठायच्या बेतात असतात, तेवढ्यात कोणीतरी दिवंगताच्या कार्याचा आढावा घ्यायला लागतो आणि ते बिचारे अडकतात. माझ्या मित्राच्या बेसण्यात माझ्या मागे बसलेल्या एका कापड व्यापाऱ्यानं सोबत्याला हळूच विचारलं होतं, "हजु केटला बाकी छे?" अजून किती उरलेत? उरलेल्यांत मी होतो.

हा मित्र पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये कलर मास्टर होता, म्हणजे साड्यांवर चढणारे रंग कशात किती कालवायचे ते ठरवणारा माणूस. राहायचा बमरोलीत. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचो. त्यामुळे तो मला मास्तर म्हणायचा आणि मीही त्याला मास्तर म्हणायचो. दोघंही खानदेशातले, तापीकाठच्या गावांतले. फरक इतकाच, की मी अहिराणी घरी ठेवून आलो आणि तो ती बरोबर घेऊन आला. रविवारी मी त्याच्याकडे जायचो. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांची राखण करत आम्ही गप्पा मारायचो, म्हणजे मी बोलायचो आणि तो टोकायचा. एकदा मी त्याला समजावून सांगितलं होतं की काळ वाहतो हा आपला भास असू शकतो. कालचं, आजचं, उद्याचं, सगळं नकाशावरच्या गावांसारखं जागच्या जागी असेल आणि आपण मात्र एकेक गाव 'आलं', 'गेलं' म्हणत असू. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग मना पगार एक तारखेलेच का येस, मास्तर?"

मागच्या दिवाळीच्या सुमाराला त्याच्या अन्ननलिकेत गाठ निघाली. शेवटचे तीन महिने त्याला पाणीही गिळता येत नव्हतं. अन्न पोटात नळीवाटे जायचं, शरीराला लागणारं पाणी मिळायचं, पण तहान घशात असते आणि घसा कोरडाच राहायचा. वहिनी कापसाचा बोळा ओला करून त्याच्या ओठांवरून फिरवायच्या. तो अंगठा तोंडाकडे नेऊन खूण करायचा. मी आठवड्यातून एकदा जायचो, आणि ती खूण सुरू झाली की मला खिडकीबाहेर बघण्यासारखं काहीतरी सापडायचं.

माघात तो गेला. बेसणं त्यांच्या सोसायटीच्या मोकळ्या प्लॉटवर मांडव घालून ठेवलं होतं. आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष माइकजवळच बसले होते. ते लग्नातही तिथेच बसतात. तीन-चार जणांचं झाल्यावर त्यांनी माझं नाव पुकारलं, आणि आता एक विद्वान आपल्याला या दुःखातून मार्ग दाखवतील, असं जाहीर केलं.

मी नको म्हणायला हवं होतं. पण भाषणाला उठायची एक सवय असते. पाय आधी उठतात.

मी जे बोललो ते मला शब्दशः आठवतं, कारण पुढे ते मला बऱ्याच जणांनी ऐकवलं. मी म्हणालो, "काळ नदीसारखा वाहतो असं आपण म्हणतो. ठीक आहे. पण नदी म्हणजे काय? तापी मुलताईला आहे, भुसावळला आहे, आपल्या या मित्राच्या गावच्या घाटाशी आहे, आणि डुमसला समुद्राला मिळते तिथेही आहे. सगळीकडे ती एकाच वेळी आहे. आपण सुरतेत उभे आहोत म्हणून भुसावळची तापी गेली, संपली, असं कोणी म्हणत नाही. ती आपल्याला इथून दिसत नाही, एवढंच. काळाबद्दल पदार्थविज्ञानाची समीकरणं हेच सांगतात. 'आता' नावाची कोणतीही खास जागा त्यांत नाही. जे घडलं ते पुसलं जात नाही, त्यातला कणही हलत नाही. आपला मित्र गेलेला नाही. तो ज्या वर्षांत आहे, त्या वर्षांत तो कायमचा आहे."

मांडवात शांतता पसरली. भाषण करणाऱ्याला शांतता ऐकू येते, आणि कुठली शांतता कंटाळ्याची आणि कुठली पकडीत आल्याची हे त्याला नेमकं कळतं. मला ती ऐकू आली आणि ती मला आवडली. पुढच्या रांगेत बायकांत वहिनी बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाशी धरला होता आणि त्या माझ्याकडे टक लावून बघत होत्या. माझं बोलणं त्यांना भिडलं, असा मी त्याचा अर्थ लावला.

रिक्षातून घरी येताना माझी बायको म्हणाली, "छान बोललात."

मी गप्प राहिलो. स्तुती पुढे सरकावी म्हणून गप्प राहतात तसा.

"त्यांच्याविषयी एखादं वाक्य आलं असतं तरी चाललं असतं," ती म्हणाली.

कोणीतरी ते भाषण फोनवर उतरवून घेतलं होतं. आठवड्याभरात ते सुरतेतल्या सगळ्या मराठी ग्रुपांवर फिरलं. मला ते सात ठिकाणांहून आलं, एकदा तर दुधवाल्याकडून. वर लिहिलं होतं, 'मृत्यू नाहीच! सरांचे अनमोल विचार, एकदा अवश्य ऐका', आणि पुढे हात जोडलेल्या चित्रांची एक ओळ. मी ते वाचून हसलो, बायकोला दाखवून त्याची टिंगल केली, आणि ती आत गेल्यावर पुन्हा ऐकलं.

मग अध्यक्षांचा फोन आला. चैत्रात मंडळाचं वार्षिक व्याख्यान असतं. दर वर्षी कोणी ना कोणी इतिहासावर बोलतो आणि त्या इतिहासात आपण सगळे जिंकतो. यंदा विज्ञान हवं, अध्यक्ष म्हणाले. विषय तुमचा तोच. पाहुण्याला काही द्यावं लागणार नाही, हा विज्ञानाचा आणखी एक फायदा त्यांनी सांगितला नाही, पण तो आवाजात होता. मी हो म्हणालो. त्यांनी फलकही छापून टाकला: 'काळ वाहत नाही!' उद्गारचिन्ह त्यांचं.

व्याख्यानाच्या आधीच्या आठवड्यात वहिनी आमच्याकडे अडाजणला आल्या. त्यांचा मुलगा स्कूटरवरून सोडायला आला होता. तो एका डायमंड कंपनीत कॉम्प्युटरवर बसतो, मराठी समजतो पण बोलायला लागला की तीन भाषांचं भरीत होतं. बायकोनं पाणी आणलं, मग चहा. वहिनींनी चहा घेतला. पाण्याचा पेला उचलला, ओठाला लावला आणि ठेवून दिला.

"भाऊजी, एक विचारू का?"

"विचारा की."

"तुम्ही त्या दिवशी बोलले, ते शास्त्रातलं होतं ना? म्हणजे आम्हाला बरं वाटावं म्हणून मनाचं नव्हतं?"

"शास्त्रातलं," मी म्हणालो. तेव्हाही मला काही कळलं नव्हतं. उलट बेसण्यात रडत बसलेल्या बाईच्या डोक्यात इतके दिवस माझं वाक्य राहिलं, याचं मला बरं वाटत होतं.

"म्हणजे जे झालं ते सगळं आहे. त्यातलं काही हलत नाही."

"एका अर्थी, हो."

"मग ते तीन महिने बी आहेत."

त्या पुढे बोलत होत्या, आणि बोलता बोलता त्यांचं मराठी सुटून अहिराणी आली. "भाऊजी, त्या आजून तठेच शेतस का? तिस लागेल?"

ते अजून तिथेच आहेत का, तहानलेले.

मी आयुष्यभर शिकवलं. ही कल्पना मी वर्गात किती तुकड्यांना सांगितली असेल. मुलं विचारायची, मग सर भूतकाळात जाता येईल का, मग सर परीक्षेचा निकाल आधीच ठरलेला आहे का. हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. खरं तर तो पहिलाच सुचायला हवा. सगळं कायम आहे असं म्हटलं की सगळं कायम आहे. पण या विषयावर समाधान वाटणारे लोक लिहितात तेव्हा उदाहरणाला नेहमी लग्न, बाळाचं पहिलं पाऊल, डोंगरावरची सकाळ घेतात. दाढदुखी कायम आहे असं सांगून कोणी कोणाचं सांत्वन केलेलं मी वाचलेलं नाही. मीही तेच केलं होतं. मित्राला 'ज्या वर्षांत तो आहे' त्या वर्षांत बसवताना कुठली वर्षं, ते मी सोयीनं बोललो नव्हतो.

"नाही वहिनी," मी म्हणालो. "ते संपलं. ते दुखणं गेलं."

"पण तुम्ही तर..."

"ती एक बोलायची पद्धत असते."

"आत्ता तर म्हणालात शास्त्रातलं आहे."

माझी बायको मधे पडली. "अहो ताई, यांचं काय मनावर घेता! यांना लग्नाचा वाढदिवस लक्षात राहत नाही, आणि हे काळाबद्दल सांगणार."

वहिनी हसल्या. त्या उठल्या तेव्हा पेला भरलेलाच होता. दारात चप्पल घालताना म्हणाल्या, "घरात बसून धीर तर सगळेच देतात, भाऊजी. तुमचं ते भाषण आहे ना मंडळात? तिथे काय असेल ते नक्की सांगा. मी येते ऐकायला." घरात सांगितलेलं ते सांत्वन आणि माइकवर सांगितलेलं ते खरं, असा त्यांचा हिशोब होता. माइकवर किती लोक काय काय बोलतात हे त्यांना माहीत नसेल असं नाही. पण तो माइक माझा होता.

मुलगा जिन्यात माझ्यासाठी थांबला होता. "काका, मम्मी पाणीच बराबर पीत नाही. एक घूंट घेते ने ठेवून देते. म्हणते, गळ्यात अडकतं. डॉक्टरे कीधुं, कशुं नथी." काहीच झालेलं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"कधीपासून?"

"बेसणा पछी," तो म्हणाला. बेसण्यानंतर. त्यात त्याला माझा काही संबंध दिसत नव्हता, आणि मीही दाखवला नाही.

व्याख्यानाच्या तयारीत मी चार पुस्तकं पुन्हा काढून बसलो. मला माहीत असलेलंच त्यांत होतं. 'आता' ही सगळ्या विश्वाला मिळून एक गोष्ट नाही, हे पक्कं. समीकरणांत वाहणं दिसत नाही, हेही पक्कं. पण समीकरणांत दिसत नाही म्हणून ते जगात नाही, हे मात्र कोणी सिद्ध केलेलं नाही. माझ्याहून कितीतरी हुशार माणसं यावर भांडताहेत आणि दोन्हीकडच्यांना आपल्या बाजूला शास्त्र आहे असं वाटतं. थोडक्यात, खरं उत्तर 'माहीत नाही' असं होतं. पण घोटभर पाणी घशाखाली न उतरणाऱ्या बाईला 'माहीत नाही' कसं पुरणार? म्हणून मी ठरवलं की फलकावर काहीही असो, काळ वाहतो असं सांगायचं. सत्याशी ही थोडी लबाडी होती, पण करुणेपोटी. हा 'करुणेपोटी' शब्द मी मनातल्या मनात वापरला होता, आणि त्यामुळे मला स्वतःबद्दल जे वाटलं ते इथे लिहिताना कान तापतात.

व्याख्यानाची वेळ साडेपाचची होती. सुरू झालं तेव्हा दिवे लागले होते, म्हणजे काळ वाहत नाही याचा पहिला पुरावा मंडळानंच दिला. अध्यक्षांनी मला शाल घातली, नारळ दिला आणि 'काळाचे गाढे अभ्यासक' म्हणून माझी ओळख करून दिली. ओळख माझ्या व्याख्यानाच्या निम्मी तरी लांब होती आणि तिच्यात अध्यक्ष स्वतः बऱ्याचदा आले. वहिनी दुसऱ्या रांगेत कडेला बसल्या होत्या.

मी बोललो. वाईट बोललो. ज्या बाजूनं वकिली करायची तिच्यावर विश्वास नसला की माणूस आवाज चढवतो, तसा मी चढवला. बर्फ वितळतो, पेला फुटतो आणि पुन्हा जोडला जात नाही, हे सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "काळ वाहतो. जे गेलं ते खरोखर जातं. माणसाचं दुखणं संपतं तेव्हा ते संपूर्ण संपतं, कुठल्याही कोपऱ्यात ते शिल्लक राहत नाही." हे मी दुसऱ्या रांगेकडे बघून म्हणालो. अध्यक्ष मान मागे वळवून फलकाकडे बघत होते.

प्रश्नोत्तरांत बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ उठले. "सर, आपण सव्वा तास फार मौलिक बोललात. पण काळ वाहतो, हे तर आम्हाला आधीपासून माहीत होतं."

लोक हसले. मीही हसलो, तोंडानं.

मागून कोणीतरी विचारलं, "व्हॉट्सअॅपवर तुम्ही उलटं बोलला होतात. आमच्या आईला मी ते तीनदा ऐकवलं. मग त्यातलं खरं कोणतं?"

"ते चुकलं होतं," मी म्हणालो.

"मग मागे घ्या ना! ग्रुपवर टाका तसं."

"फॉरवर्ड केलेलं मागे येत नाही, साहेब," बँकवाले म्हणाले. "हाच काय तो काळाचा पुरावा." पुन्हा हशा. अध्यक्षांनी आभार मानायला माइक घेतला आणि विज्ञानात मतभेद असतातच असं म्हणून मला सांभाळून घेतलं. त्यांच्याकडून सांभाळून घेतलं जाण्याची वेळ आपल्यावर येईल, असं मला कधी वाटलं नव्हतं. तरीही मनात एक सूक्ष्म ऐट होती. चार लोकांत हसं झालं, पण एका बाईचा घसा मोकळा केला, अशी.

लोक बटाटेवड्याकडे वळले तेव्हा वहिनी आल्या.

"बरं वाटलं ऐकून," त्या म्हणाल्या. "ते तीन महिने गेले म्हणालात."

"गेले, वहिनी."

"हं." त्यांनी पदर सारखा केला. "म्हणजे आधीचं बी गेलंच."

"आधीचं?" मी विचारलं.

"नाही, मी आपलं मनाची तयारी केली होती. तुमच्याकडून घरी गेले ना, मग बसून विचार केला. म्हटलं, ते तीन महिने राहणार असतील तर राहू देत. त्यांच्यासंगं बाकीचं बी सगळं राहतंय. लगीन झालं तेव्हा बमरोलीत एका खोलीत आम्ही सात जण होतो. दुपारी सुट्टी झाली की ते मिलमधून पळत यायचे, कोपरापर्यंत हात निळे. त्या हातानं मला घास भरवायला यायचे आणि मी सासूच्या मागे लपायची. सासू म्हणायच्या, खाई ले माय, रंगनी मरत नही कोनी." त्या थोडं हसल्या. "ते राहणार होतं. म्हटलं, त्याच्यासाठी ते बी सोसून घेऊ. आज तेच ऐकायला आले होते, पक्कं करून घ्यायला. पण ठीक आहे. तुम्ही शिकलेले. खरं ते सांगितलं."

त्यात तक्रार नव्हती. दुकानातून चुकून जास्त आलेली वस्तू परत करावी तसं त्यांनी ते माझ्या हातात ठेवलं.

मला सांगता आलं असतं, की मी तुमच्यासाठी खोटं बोललो. पण मग पुढे काय? काळ वाहत नाही, काळ वाहतो, काळाचं मला माहीत नाही, अशी एकाच बाईला माघापासून चैत्रापर्यंत तीन मतं देणारा मी कोण? आणि त्यांना कुठलं मत हवं आहे, याचा अंदाज मी दोन्ही वेळा त्यांना न विचारता केला होता. एकदा माझ्या भाषणाच्या सोयीनं आणि एकदा माझ्या दयेच्या सोयीनं. त्यांनी स्वतः बसून, माझ्याहून जास्त नीट विचार करून, दुःख आणि सुख दोन्ही ठेवून घ्यायचं ठरवलं होतं. मी येऊन दोन्ही काढून घेतली, आणि वर त्याग केल्याचा आव मनात आणला. मी तोंड उघडलं, पण तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "आखाजीला या तुम्ही आणि ताई. ह्यांच्या जागी तुम्हालाच बसवायचं आहे."

आखाजी म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया. त्या दिवशी गेलेल्यांच्या नावानं घागर भरतात, आणि पितर म्हणून एका माणसाला पाटावर बसवून जेवू घालतात. तो जेवेपर्यंत घरात कोणी जेवत नाही. मी अशा पाटावर कधी बसलो नव्हतो. तरुणपणी मी याची इतकी चेष्टा केली होती की पुढे मला कोणी विचारायचंच बंद झालं.

घरी आल्यावर मी बायकोला म्हणालो, "मला नाही जमणार."

"जमेल," ती म्हणाली. "तुमच्याकडून तिथे कोणाला मत नको आहे."

आखाजीला बमरोलीत उन्हानं डांबर मऊ झालं होतं. वहिनींच्या घरी समोरच्या खोलीत धान्याच्या राशीवर मातीची घागर मांडली होती, वर खरबूज, सांजोरी आणि आंबे. मुलानं तबेल्यातून गोवरी आणली होती आणि ती गॅसवर पेटवायच्या खटपटीत घरभर धूर केला होता. "मम्मी, फायर अलार्म होत तो?" तो म्हणत होता. "आपल्याकडे नाही ना, मग गप फुंक," वहिनी म्हणाल्या. निखाऱ्यावर पुरणपोळीचा घास आणि तूप टाकून झालं. मग मला पाटावर बसवलं. मुलानं कपाळाला टिळा लावला. आणि वहिनी पुढे आल्या आणि त्यांनी वाकून माझ्या पायाला हात लावला.

मी पाय मागे घेतले. माझ्या बायकोनं दारातून डोळे वटारले, तेव्हा पुन्हा पुढे केले. आयुष्यात अनेक जण माझ्या पाया पडलेत, विद्यार्थी, भाचे. एखाद्या नमस्काराला आपण लायक नाही हे इतकं स्पष्ट कधी दिसलं नव्हतं. त्या माझ्या पाया पडत नव्हत्या, हे मला कळत होतं. त्यानं तर जास्तच लाज वाटली.

ताट आलं. खापरावरची पुरणपोळी, रस, रशी, कुरडया. मी घास घेण्याआधी म्हणालो, "वहिनी, एक सांगायचं आहे. त्या दिवशी मंडळात मी जे बोललो ते..."

"भाऊजी."

"नाही, ऐका. मला खरंच माहीत नाही. बेसण्यातही माहीत नव्हतं आणि..."

"पितर बोलत नसतात," वहिनी म्हणाल्या. त्यांनी तांब्यातून पितळी पेला भरला आणि माझ्या हातात दिला. "पाणी प्या."

मुलगा फुंकायचा थांबला. माझी बायको दारात उभी होती. वहिनी समोर गुडघे दुमडून बसल्या होत्या आणि माझ्या तोंडाकडे नाही, गळ्याकडे बघत होत्या. मी प्यायलो. घसा वर-खाली होतो आहे, पाणी खाली उतरतं आहे, याचा एरवी कोणाला पत्ताही नसतो. मला एकेक घोट कळत होता. पेला रिकामा झाला तसा त्यांनी पुन्हा भरला. मी तोही संपवला. त्यांनी तिसरा भरला. पोटात जागा नव्हती आणि पुरे म्हणायची मुभा नव्हती. तोही प्यायलो, मधे न थांबता, तहान लागलेला माणूस पितो तसं पिता यावं अशा खटपटीनं, आणि थोडं पाणी हनुवटीवरून शर्टावर सांडलं.

वहिनींनी तांब्या खाली ठेवला. मग त्यांनी मुलाकडे न बघताच हात पुढे केला.

"आते माले बी दे," त्या म्हणाल्या.

मुलानं पेला भरून त्यांच्या हातात दिल्याचा आवाज मला आला. त्या प्यायल्या की नाही, ते मी बघितलं नाही. माझी मान ताटावरून वर होत नव्हती.